पाच किलो क्रॅनबेरी

स्वतःचं हृदयाचं ऑपरेशन गुरुवारी, आणि सोमवारी बाईंनी पाच किलो क्रॅनबेरी, म्हणजे बोराएवढी लाल आंबट फळं, आणून टेबलावर ओतल्या. आता बोला.

एकतीस वर्षं शहरात बस चालवलेली बाई ही. वय अडुसष्ट, पण गल्लीत अजून ड्रायव्हरबाईच. डेपोतल्या एका मेकॅनिकनं पहिल्याच दिवशी पैज लावली होती, की ही महिनाभरही टिकायची नाही. तो निवृत्त झाला तेव्हा त्याला घरी सोडणारी बस बाईच चालवत होत्या. अशा बाईला आराम कर म्हणून सांगायचं कुणी?

मुलानं सांगून पाहिलं. त्याचा बेत पक्का होता: ऑपरेशननंतर आईनं कायमचं त्याच्याकडे राहायचं आणि हे घर भाड्यानं द्यायचं. भाडेकरूही बघून ठेवलेला. बाजारात तुरी म्हणतात ती हीच. आईला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

"आई, एवढ्या कोण खाणार?"

"मी."

"अगं, पण तू इथे असणार कुठे?"

"मग कुठे असणार?"

त्यानं हृदयाचं, दोन जिन्यांचं, एकटीनं राहण्याचं सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि परात त्याच्यापुढे सरकवली. "तोंड चालू दे, पण हातही चालव."

बाईंची रीत ठरलेली. एकेक क्रॅनबेरी वीतभर उंचीवरून टेबलावर टाकायची. टुणकन उडाली तर ताजी. नुसतीच बसली तर आतून मऊ पडलेली, ती बाहेर. मग धुवायच्या, जुन्या चादरीवर पसरून पंख्याखाली कोरड्या ठणठणीत करायच्या, ट्रेमध्ये एकीला दुसरी लागणार नाही अशा मांडून फ्रीजरमध्ये ठेवायच्या. टणक झाल्या की मगच पिशवीत भरायच्या. म्हणजे वर्षभर हव्या तेव्हा मूठभर सुट्ट्या निघतात.

दुपारी बाईंचा जरा डोळा लागला. तेवढ्यात आईचे कष्ट वाचवायला म्हणून मुलानं उरलेल्या किलोभर क्रॅनबेरी धुतल्या आणि ओल्याच पिशवीत कोंबून फ्रीजरमध्ये टाकल्या. सकाळी बाईंनी ती पिशवी टेबलावर आपटली. ठक्क आवाज झाला.

"वीट केलीस."

"गोठल्या ना पण? काम झालं."

"मूठभर हव्या असल्या तर आता हातोडी लागेल. घाईघाईनं कोंबलं की असंच होतं. माझंही तेच करायला निघालायस तू."

मुलगा हळूच म्हणाला, "मला भीती वाटते गं."

"मलाही वाटते. म्हणूनच पाच किलो आणल्या. परत यायला काहीतरी कारण नको?"

बारा पिशव्या झाल्या. प्रत्येकीवर बाईंनी शाईनं एकेका महिन्याचं नाव लिहिलं, पुढच्या हंगामापर्यंत. विटेवर लिहिलं, 'चिरंजीवांची कृपा'.

ऑपरेशन नीट झालं. सहा आठवडे मुलाच्या घरी बाईंचे खूप लाड झाले, पण घराचा विषय काढला की मुलगा "बघू" म्हणायचा. सातव्या आठवड्यात डॉक्टरांनी जिना चढायला परवानगी दिली. दुसऱ्याच दिवशी बाईंनी भाडेकरूला स्वतः फोन करून नाही म्हणून कळवलं आणि सगळ्यांच्या नाकावर टिच्चून बॅग भरली. सुनेनं ती बॅग बसस्टॉपपर्यंत आणून दिली. नवऱ्याला मात्र तिनं संध्याकाळपर्यंत काही कळवलं नाही.

दोन जिने चढताना बाई चारदा थांबल्या. एकदा तर पायरीवर बसल्याच. पण वर पोचल्या, कुलूप काढलं, फ्रीजर उघडला आणि त्या महिन्याची पिशवी घेऊन मूठभर क्रॅनबेरी पातेल्यात टाकल्या. एकेक सुट्टी, खडखडत पडली. वर साखर घालून बाईंनी गॅस पेटवला.

संध्याकाळी मुलगा धापा टाकत आला. भांडायलाच आला होता. बाईंनी फ्रीजरमधली वीट काढून त्याच्यापुढे ठेवली आणि शेजारी हातोडी.

"ही तुझी. बस आणि फोड. मी कुठेही जात नाहीये."

तो उभा राहिला, आईकडे बघत. मग खुर्ची ओढून बसला आणि ठोकायला लागला.

"पुढच्या वर्षी किती आणायच्या?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"सहा किलो," बाई म्हणाल्या. "आणि आधी कोरड्या करायच्या."