परसाकडील कूप

अर्ज लिहावा तर मीच, असे आमच्या खालापूर महालातली बरीच माणसे तेव्हा म्हणत. मीही म्हणत असे, पण हळू आवाजात. खोपोलीच्या मालधक्क्यावर मी कारकून होतो. संध्याकाळी गावी परतलो की ओटीवर कोणीतरी टेकलेले असायचेच. कुणाची वाट अडवलेली, कुणाची म्हैस कोंडवाड्यात घातलेली. मी टाक दौतीत बुडवून 'सेवेशी सविनय श्रुत व्हावे की' असे मोठ्याने म्हटले, की समोरच्याला म्हैस सुटून आल्यासारखेच वाटे.

एका चैत्रात शेजारच्या शेतात राब भाजत होते. भाताचे रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा पसरून जाळतात, तो. वारा फिरला, ठिणगी आमच्या पेंढ्याच्या छपरावर आली आणि घर गेले. मी, बायको, दोन मुली आणि बैल तेवढे बाहेर निघालो. पुढच्या वर्षी विटांचे, मंगळुरी कौलांचे घर बांधायला काढले. मी ओटीला महिरप हवी म्हणून हटून बसलो होतो. बायकोने घरात काय हवे ते एकच सांगितले.

"मागं एक आडोसा बांधून द्या. बाकी तुमचं काय ते तुमी बघा."

आडोसा कशाचा, ते विचारायची गरज नव्हती. गावच्या बायका उजाडायच्या आत आणि दिवे लागल्यावर मुंबई-पुण्याच्या सडकेकडेच्या बांधाआड जात. पूर्वी ते चालून गेले. पण आता सडकेवर मोटारी वाढल्या होत्या. वळणावरून दिव्यांचा झोत आला की बांधाआडच्या साऱ्या जणी लुगडी सावरून ताडकन उभ्या राहत. मोटार गेली की बसत, दुसरी आली की पुन्हा उभ्या. एखादा चावट ड्रायव्हर मुद्दाम भोंगा वाजवी. बायको त्यातून एक गोष्ट शिकली. दुपारनंतर ती पाणीच पिईना. संध्याकाळच्या जेवणात आमटीही घेईना. माझ्या ते ध्यानात आले होते. नुसते ध्यानात आले नव्हते, मी त्याची गंमत केली होती.

"आपल्या गोठ्यात बैल आणि घरात उंट," मी म्हणायचो.

"उंटाला वाळवंट तरी असतंय," ती म्हणायची. "समद्या गावाची गाऱ्हाणी लिवता, माजं एक लिवा की."

रेल्वेच्या साहेबाच्या बंगल्यामागे मी जमिनीत बांधलेली टाकी पाहिली होती. मध्ये भिंत, दोन कप्पे, घाण एकीकडे बसते, पाणी दुसरीकडून झिरपून जाते. तशीच बांधायची ठरवली. जागा मात्र गावठाणाबाहेर, शेतीच्या नंबरात येत होती. तलाठी म्हणाला, कचेरीचा परवाना आणा.

अर्ज लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला टाक अडला. संडास! महालकरी साहेबांच्या सेवेशी हा शब्द घालायचा कसा? शौचकूप असा एक भारदस्त शब्द मला ठाऊक होता. तो लिहिला. वाचून पाहिला तर त्यातल्या शौचाची घाण येऊ लागली, म्हणून तेवढे खोडले. उरला कूप. नुसता कूप फार उघडा दिसतो म्हणून त्याला आमचा सभ्य शब्द नेसवला. आम्ही सगळे परसाकडेच जातो ना! झाले. 'अर्जदाराचे घरामागे परसाकडील कूप बांधणेस परवानगी मिळावी.'

कूप म्हणजे विहीर, हे शाळेत मला पाठ होते. त्या दिवशी आठवले नाही.

"नीट लिवलंय ना?" बायकोने विचारले.

"असं लिहिलंय की साहेब वाचतच राहील."

साहेबाने वाचले आणि विहीर मोजायला सर्कल इन्स्पेक्टर पाठवला. त्याच्याबरोबर पोलीस पाटील आणि पाटलाबरोबर अर्धा गाव.

"पाणी किती खोल लागेल?" सर्कलने विचारले.

"न लागलं तर बरं, साहेब."

"म्हणजे? उपयोग कोण करणार?"

"घरचीच मंडळी."

"पिण्यासाठीच ना?"

मागे कोणीतरी फिसकन हसले. पाटील मिशीत म्हणाला, "बोल की रं, कशापायी ते. अर्जात तर लई बोलतोस." दाराच्या फटीतून बायको पाहत होती. एक शब्द बोलायचा होता. इतक्या माणसांत तो उच्चारायचा कसा? शिवाय मनात आले, खड्डा तो खड्डा, विहिरीचा परवाना घ्यावा आणि आत हवे ते बांधावे. स्वतःच्या हुशारीवर मी खूश झालो आणि म्हणालो, "होय साहेब. विहीरच."

परवाना आला. खड्डा खणला, विटा आल्या, गवंड्याने मधली भिंत घ्यायला सुरुवात केली. बायको रोज पदर खोचून गारा कालवायला जाई. ओटीच्या महिरपीकडे तिने ढुंकून पाहिले नाही, पण त्या भिंतीचा एकेक थर ती वाकून बघे. एके दिवशी पाटील डोकावला.

"विहिरीत भिंत कशाला रं?"

आता गप्प बसावे की नाही? पण मला सुचले आणि मी बोललो. "एका अंगाला गोडं पाणी, एका अंगाला खारं!"

पाटील पोट धरून हसला. ही गंमत त्याने चावडीवर सांगितली, चावडीवरून ती कचेरीत गेली. परवाना विहिरीचा असता आत भलतेच बांधकाम चालल्याचे समजते, तरी काम बंद ठेवावे, असा हुकूम आला. खरे सांगून नवा अर्ज करायला हवा होता. मी म्हटले, आता आषाढ तोंडावर आलाय, पाऊस सरला की बघू.

"तुमचं बघू झालं," बायको म्हणाली, "की मला सांगा." आणि गाऱ्याचे घमेले धुऊन पालथे घातले.

पावसात खड्डा भरला. त्या दिवसांत आमच्याकडे हातभर खणले तरी पाणी लागते, त्यात वरून ती धार. श्रावणात गाळ खाली बसला आणि पाणी इतके नितळ झाले की शेजारणी कळशा घेऊन येऊ लागल्या. "वैनी, गोड हाय गं तुजी हीर!" मी ओटीवर बसून हे ऐकत असे आणि मलाही हसू येई. बायको त्यांना पोहरा काढून देई. भरल्या कळशीतले ओंजळभरसुद्धा ती स्वतः पीत नसे.

भाद्रपदात तिच्या कमरेत कळा येऊ लागल्या. लघवीला आग होई, मग हुडहुडी भरून ताप. छकड्यात घालून कर्जतला डॉक्टरांकडे नेली.

"पाणी कमी पिता का, बाई?" त्यांनी विचारले.

"पिते की," ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहिले नाही.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितले, आत बरेच बिघडले आहे. औषध देतो, पण दिवसभर पाणी पाजा, नुसते पाणी पाजा.

मी धक्क्यावर रजा टाकली. तांब्या घेऊन तिच्या उशाशी बसलो. बाहेर लख्ख ऊन पडले होते. आडोशाला खाट उभी केली, मडके ठेवले, मुलींना बाहेर पाठवले, सगळे केले. तिने तांब्या हाताने बाजूला सारला.

"आता नको. अजून उजेड हाय."

"इथं घरातच कर गं. कोण बघतंय?"

"देव हाईत घरात. नवं घर हाय." मग थोड्या वेळाने, माझीच समजूत काढावी तशी, "दिवं लागू द्या. मग पिते."

मी हात जोडले, रागावलो, शेवटी तिला हसवायलाही पाहिले. ती हसली, पण ओठ उघडले नाहीत. तापाच्या ग्लानीतही ती विचारी, अंधारलं का. मी एकदा खोटेच म्हणालो, हो, अंधारलं. तिने डोळे उघडून कौलांच्या फटीकडे पाहिले आणि पुन्हा मिटून घेतले. नंतर ती पाणी गिळू शकत नव्हती. पितृपक्ष लागायच्या आत ती गेली.

दिवस उरकल्यावर मी खालापूरला गेलो. घरी दोन मुली होत्या, थोरली तेव्हा वयात आलेली. अर्जात एकच वाक्य होते, 'मला घरामागे संडास बांधायचा आहे.' कारकुनाने कागद हातात घेतला आणि त्यांच्या रीतीप्रमाणे मोठ्याने वाचला. कचेरीत माणसे होती. दोघे शेतकरी, एक शिपाई, आणि त्या दिवशी नेमका पाटीलही होता. त्या शब्दाला कोणी मान वर केली नाही.

"एवढंच?" कारकून म्हणाला.

"एवढंच."

त्याने शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावले. मी जागचा हललो नाही. कोणीतरी हसेल म्हणून मी थांबलो होतो. शिपायाने दोनदा सांगितले, बाजूला व्हा, तेव्हा बाजूला झालो.