आयर्लंडच्या जहाजात लागलेली झोप

मुलगी आयर्लंडमध्ये नर्स झाली आणि पहिल्याच उन्हाळ्यात तिने आम्हा दोघांना मस्कतहून बोलावून घेतलं. मस्कतमध्ये इतकी वर्षं राहून आम्ही मत्राचा किल्ला फक्त गाडीच्या काचेतून पाहिलेला. तिने मात्र तिथल्या समुद्रकाठच्या गावांमधला सगळा वारसा आम्हाला दाखवायचा चंग बांधला होता.

किल्ले सगळे ओले होते. आमच्या ह्यांची हयात ओमानमध्ये एसी दुरुस्तीत गेलेली, त्यामुळे गळतीची तक्रार आल्यासारखे हे प्रत्येक भिंतीकडे बघायचे. "वॉटरप्रूफिंगच केलेलं नाही," असा शेरा मारून पुढे. मुलगी चिकाटीने इंग्रजी फलक वाचून दाखवायची. मी फोटो काढून घ्यायचे. स्वेटर एकच असल्यामुळे सगळ्या फोटोंत मी सारखीच दिसते. किल्लेही सारखेच दिसतात.

मग एका बंदरात तिने आम्हाला जहाजावर नेलं. एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या दुष्काळात आयर्लंड सोडून गेलेल्या लोकांच्या जहाजासारखं हुबेहूब नवं बांधलेलं, तिकीट लावलेलं. फाटकी शाल पांघरलेली एक गाईडबाई आम्हाला खालच्या मजल्यावर घेऊन गेली. तिथे फळ्यांचे दुमजली बिछाने होते.

"एकेका फळीवर अख्खं कुटुंब झोपायचं," ती म्हणाली. "हवं तर आडवे होऊन बघा, म्हणजे त्यांचे हाल कळतील."

महागडे रेनकोट घातलेल्या मंडळींनी उसासे टाकले. आडवं कोणी झालं नाही. आम्ही वर डेकवर आलो, तेव्हा लक्षात आलं की हे सोबत नाहीत.

खाली गेलो तर पुढचा गट एका फळीभोवती गप्प उभा. एकजण फोटो काढत होता. हे तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते, आणि घोरेपर्यंत सगळ्यांना तो मेणाचा पुतळा वाटला होता.

मुलीने हलवून उठवलं. "बाबा, प्लीज, सॉरी म्हणा."

"छान डोळा लागला," हे म्हणाले. "रुवीच्या खोलीची आठवण झाली."

गाईडबाईने रुवी म्हणजे काय विचारलं. ह्यांनी आपल्या साइटवरच्या इंग्रजीत सांगितलं: मस्कतमधला एक भाग, तिथे एका खोलीत आठजण. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच गादीवर पडायचा. गादी कधी गार व्हायची नाही.

बाईंचे डोळे भरून आले. "कोणत्या काळातली गोष्ट ही?"

"माझ्या लग्नाआधीची. खोली अजून आहे. आता दुसरी मुलं राहतात."

एका रेनकोटवाल्या बाईने विचारलं, ती खोली बघायला मिळते का. ह्यांनी जरा विचार करून सांगितलं, "अर्बाबला, म्हणजे मालकाला, विचारावं लागेल."

बसस्टॉपवर मुलीने बसची वेळ बघितली. मग तिच्या अडखळत्या मराठीत म्हणाली, "हे मला कधी का नाही सांगितलं?"

"तू विचारलं नाहीस. तुला शाळेत किल्ल्यांचा प्रोजेक्ट होता."

मस्कतला, वादी अदाईच्या घरी परतल्यावर मित्रमंडळी फोटो बघायला आली. किल्ले झपाझप सरकवून सगळ्यांनी एकच चौकशी केली, की मुलीमुळे आपल्याला तिथला पासपोर्ट मिळतो का. ह्यांच्याबरोबर त्या खोलीत राहिलेले एक गृहस्थ होते. त्यांना जहाजाची हकीकत सांगितली तर म्हणाले, "झोपायला तिकीट काढलंस? वेडा आहेस."

मुलगी मात्र आता दर शुक्रवारी फोन करते आणि बाबांना खोलीबद्दल विचारते. परवा स्पीकर चालू होता.

"जेवण कोण करायचं?"

"पाळ्या होत्या. माझी आमटी नि मच्छी. सगळे बोटं चाटायचे."

मी भाजी निवडत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाला चहासुद्धा येत नाही अशी माझी समजूत होती. तीही त्यांनीच करून दिलेली.

फोन ठेवल्यावर मी फ्रीजरमधला सुरमईचा डबा काढला आणि ह्यांच्यासमोर ठेवून टीव्ही बघायला गेले.