पाहुण्यांचा टी

बापूंचा आणखी एक चेंडू नाल्यात गेला, तेव्हा मी उगाचच टोपी नीट केली.

कोरीट गावात बापूंनी त्यांच्या केळीच्या बागेतला एक तुकडा मोकळा करून छोटं गोल्फ मैदान करवून घेतलं होतं. डिझाइन माझं. स्वतःच्या नावावरचं पहिलंच, त्यामुळे अक्कल जरा जास्तच पाजळली होती. बापूंनी सुरुवातीलाच बजावलं होतं, "घरना लोकेसले खेळता उनं नही, ते परत केळी लाई टाकसू."

टी म्हणजे पहिला फटका मारायची जागा. नवशिक्यांसाठी मी लाल टी पुढे, नाल्याच्या पलीकडे ठेवला होता. मुरलेल्यांसाठी पांढरा मागे. तिथून नाला ओलांडूनच चेंडू मारावा लागे. ज्याने त्याने कुवतीप्रमाणे जागा निवडायची. यावर सकाळी मी भाषणही ठोकलं होतं.

आणि आता सुरतेच्या क्लबात वर्षानुवर्षं खेळणारे बापूंचे व्याही पुढे लाल टीवर. आयुष्यात पहिल्यांदा काठी धरलेले बापू आणि त्यांचे भाऊ मागे. व्याह्यांचा चेंडू भोकात रोवलेल्या झेंड्यावरून थेट शेजारच्या उसात.

"बापू, तुम्ही पुढे जा ना. तिथून सोपं आहे."

"पाव्हनाना पुढे? लगनम्हा पाव्हनासले मांगे बसाडतस का आपन?"

"मग व्याह्यांना मागे बोलवा. त्यांचा हात चांगला आहे."

"तुम्हीच सांगा त्यासले, मांगे सरका म्हनीसन. मन्ही पोर शे त्यासना घर."

मैदान हातचं जाणार, याची खरीच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी मी आराखडा उलटा केला. मागच्या टीच्या डाव्या अंगाला नाल्यात पाइप टाकून भराव घातला, वर रुंद हिरवळ केली. चेंडू नुसता घरंगळला तरी पलीकडे जाईल. पुढच्या टीसमोर बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे खणले, क्लबवाल्यांनाही घाम फुटेल असे.

हिरवळ धरल्यावर व्याही पुन्हा आले. मानाने पुढे उभे राहिले आणि मानानेच वाळूत अडकले. बापू मागून चेंडू हाकत हाकत झेंड्याजवळ पोचले आणि ओरडले, "या व्याही, सावकाश या! घाई नही शे."

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. मैदान वाचलं.

परवा पुण्याचा एक डिझायनर मित्र येऊन गेला. म्हणाला, "सोपा टी मागे, अवघड पुढे, हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"साइट कंडिशन," मी म्हटलं.

काम घेताना मी माती तपासली होती, पाणी तपासलं होतं, वाऱ्याची दिशासुद्धा तपासली होती. सोयरीक तपासायची असते, हे कुणी शिकवलं नव्हतं.