शिंप्याचे वाया गेलेले पास

माझ्या दादासमोर 'अंदाजे' हा शब्द उच्चारायची सोय नाही. शिवी घातलीत तर तो एक वेळ ऐकून घेईल, पण 'अंदाजे' म्हणालात की तुमची खैर नाही. तेवीस वर्षं त्याने लेथवर काढली. कारखान्यात त्याला नावाने कोणी हाक मारत नसे, सगळे टर्नरच म्हणत. कापून गुळगुळीत केलेल्या लोखंडी दांड्यावरून नुसता अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, "पाव मिलिमीटर जास्त आहे, परत लाव." मोजलं की बरोब्बर तेवढंच निघायचं. घरीही तेच. वहिनी शेजारणीला भाजी कशी करायची ते सांगताना 'चिमूटभर मीठ' म्हणाली की हा आतून ओरडणार, "कोणाच्या चिमटीने?"

मी त्याचा धाकटा भाऊ. कापडाच्या दुकानात काउंटरवर उभा राहून जन्म गेला माझा. आमचं सगळं पोट जिभेवर. 'हा रंग तुम्हाला काय खुलतोय!' असं मी दिवसातून पन्नास वेळा म्हणतो आणि त्यातल्या चार वेळा ते खरं असतं. एकाच आईच्या पोटी असे दोन नमुने कसे निपजले, हे बिचारीला शेवटपर्यंत कळलं नाही.

दोघांत सारखी अशी एकच गोष्ट, आमचा फुटबॉल क्लब. मॅच संपली की तीन नंबरच्या गेटाबाहेर चहाच्या टपरीवर आमची पंचायत भरते. विषय वर्षानुवर्षं एकच: क्लबचा आजवरचा सगळ्यात मोठा मिडफिल्डर कोण? म्हणजे गोल मारणारा नव्हे, गोल घडवणारा. उमेदवार तीन. पहिला मास्तर. हा दिवसा शाळेत भूगोल शिकवायचा आणि संध्याकाळी सरावाला यायचा. धावायचा म्हणून नाही, पण उभ्या उभ्या चाळीस पावलांवर असा पास टाकायचा की घेणाऱ्याला पाय लावण्यापलीकडे काम उरत नसे. तिसरा आत्ताचा डावऱ्या. त्याची वकिली आमच्या पोस्टमनकडे. डावऱ्याने कुठल्या मॅचला किती गोल घडवले ते पोस्टमनला घरांच्या नंबरांसारखं पाठ. आणि या दोघांच्या मधला शिंपी. बापाचं शिवणकामाचं दुकान होतं म्हणून शिंपी. त्याच्या सहा हंगामांत क्लबने एकही करंडक जिंकला नाही, आणि आकडे विचाराल तर सांगण्यासारखे नाहीत. त्याच्या बाजूने बोलणारा जगात एकच माणूस, माझा दादा.

"गोल झाला की पास आंधळ्यालाही दिसतो," दादा म्हणायचा. "गोल झाला नाही तरी पास दिसला पाहिजे. त्याला नजर लागते."

आणि हे म्हणणारा माणूस स्वतः बावीस वर्षं आंधळा! पोस्टमनसुद्धा कपात बघत बसायचा.

दादा नुसतं मत देऊन थांबायचा नाही, पुरावा द्यायचा. तो उपांत्य सामना, बावन्नावं मिनिट. "मधल्या वर्तुळाच्या डाव्या कडेला शिंपी. अंगावर तिघे. टाचेने बॉल मागे घेतला, गर्रकन वळला आणि दोन बॅकच्या मधल्या फटीतून सोडला. पुढे मुसळ एकटा. समोर फक्त गोलकीपर. आणि मुसळाने मारला आभाळात!" मुसळ म्हणजे त्या वेळचा आमचा सेंटर फॉरवर्ड. शिंप्याचे शंभर पास त्याने वाया घालवले, असा दादाचा त्याच्यावर आरोप होता. एकदा दातांच्या डॉक्टरकडे तो दादाला रांगेत भेटला. आवाजावरून ओळखून दादाने त्याला तिथेच बावन्नाव्या मिनिटाचा जाब विचारला. त्या बापड्याने सुजलेला गाल धरून माफी मागितली.

आता खरं सांगतो. बावन्नाव्या मिनिटाला असलं काहीही झालेलं नव्हतं. तो पास शिंप्याने नाही, मी टाकला होता. तोंडाने.

झालं असं की एक्केचाळिसाव्या वर्षी काचबिंदूने दादाची नजर गेली. कारखाना भला, त्याला काढलं नाही, पॅकिंगला बसवलं. नट-बोल्ट हाताने चाचपायचे आणि आटे खराब असलेले बाजूला टाकायचे. ज्याने ते बनवायचे तो आता निवडत बसला होता. घरी यायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. जेवायला ऊठ म्हटलं तरी उठत नसे. वहिनीने माझ्यासमोर डोळ्यांना पदर लावला तेव्हा मी एका रविवारी त्याला ओढतच मैदानावर नेलं.

तिथे बसल्यावर मला युक्ती सुचली. त्याचा डावा तळहात उघडून मांडीवर घेतला. मनगट म्हणजे आपला गोल, बोटं म्हणजे समोरच्यांचा, अंगठ्याकडची कड म्हणजे डावी विंग. बॉल जाईल तसं त्या हातावर माझं बोट फिरायचं आणि तोंड चालायचं. सुरुवातीला हाताला इतके घट्टे होते की बोट दाबून फिरवावं लागे.

पहिला अर्धा तास मी होतं तेच सांगितलं. पण होत काय होतं? मागे पास, आडवा पास, बॉल बाहेर. आमचा संघ तेव्हा असा खेळायचा की डोळे असणाऱ्यांनी मिटून घ्यावेत. दादाचा हात माझ्या हातात ढिला पडला. "चल घरी," म्हणाला. मी घाबरलो. आज हा घरी गेला की पुन्हा कुठेच यायचा नाही, असं मला अगदी पक्कं वाटलं. आणि माझं बोट आपोआप त्याच्या तळहाताच्या मधून निघालं आणि दोन बोटांच्या बेचक्यातून सुटलं. "अरे! काय पास टाकला शिंप्याने!"

दादा ताठ बसला. "कुठून? कुठून टाकला?"

शिंपीच का? तर त्या क्षणी बॉलच्या आसपास तोच होता म्हणून. गोल खोटा सांगता येत नाही. गोलाला लोक ओरडतात, दुसऱ्या दिवशी पेपरात आकडा येतो. म्हणून प्रत्येक पास वाया घालवणं मला भाग होतं, आणि घालवायला मुसळ होताच. मग लोक 'अरेरे' का म्हणाले नाहीत? त्याचंही उत्तर दादानेच शोधलं. "लोकांना कळतच नाही रे." मला काही सांगावंही लागलं नाही. त्या रात्री तो आपणहून जेवायला बसला आणि वहिनीला शिंप्याबद्दल सांगत राहिला. मग सहा हंगाम माझी जीभ थांबली नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. एक माणूस जगत होता, मला त्यात काही गैर वाटलं नाही.

गेल्या महिन्यात मात्र क्लबने जाहीर केलं की नव्या दारावर सगळ्यात मोठ्या मिडफिल्डरचं चित्र काढायचं, आणि कोणाचं ते आम्ही पाठीराख्यांनी सभा घेऊन ठरवायचं. तिघांच्या बाजूने एकेकाने बोलायचं. शिंप्याच्या बाजूने अर्थात दादा.

आणि चार दिवसांनी पोस्टमन हसत हसत माझ्या दुकानात. क्लबच्या जुन्या कपाटात त्याला व्हिडिओ कॅसेट सापडल्या होत्या. त्याच्या मुलीने त्या कॉम्प्युटरवर उतरवल्या. त्यात तो उपांत्य सामना अख्खाच्या अख्खा!

"सभेत आधी तीच दाखवू," पोस्टमन म्हणाला. "मग टर्नर बोलतील. हातच्या काकणाला आरसा कशाला? इतकी वर्षं ऐकतोय, तो बावन्नाव्या मिनिटाचा पास एकदा मलाही बघायचाय हो."

त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, म्हणून तर माझ्या तोंडचं पाणी पळालं. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, पण माझा गोटा दादाच्या कपाळी बसणार होता. भर सभेत, डोळस माणसांसमोर, आयुष्यात कधी मापात न चुकलेला माणूस उभा राहणार आणि लोक हसणार.

घरी गेलो तर कॅसेटची बातमी माझ्याआधीच पोचलेली, दादा आनंदाने नाचायचा बाकी होता. "आता बघू दे म्हणावं सगळ्यांना!" त्याने वहिनीकडून इस्त्रीचा शर्ट काढवून ठेवला होता.

मी स्वयंपाकघरात जाऊन वहिनीला सगळं सांगितलं. तिने नळ बंद केला.

"भाऊजी, तेव्हा हे उठून बसले ते तुमच्यामुळे. ते मी विसरणार नाही," ती म्हणाली. "पण रविवारी सभेत लोक हसले, तर यांना भिंतीकडून परत वळवणं मला नाही जमायचं. आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा."

दादा खुर्चीत बसून भाषणाची तयारी करत होता. मी समोर स्टूल घेतलं.

"दादा, तो बावन्नाव्या मिनिटाचा पास..."

"त्रेपन्नाव्या होता का?"

"झालाच नव्हता. बाकीचेही नव्हते. मी आपलं सांगायचो."

तो म्हणाला, "किती?"

"बरेच."

"बरेच म्हणजे किती? आकडा सांग."

"मोजले नाहीत रे."

"आणि मुसळ?"

"त्याच्याकडे ते पास गेलेच नव्हते."

दादाचा चेहरा असा झाला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. "त्या माणसाने माझी माफी मागितली," तो म्हणाला. "गाल सुजला होता त्याचा, बोलताना दुखत होतं. आणि तू माझ्या शेजारी बसला होतास." मग हळू आवाजात म्हणाला, "डोळे गेले तेव्हा मला काय दिसत नाही ते तरी मला माहीत होतं. तू तेही ठेवलं नाहीस. जा आता."

जिन्यात बसून मी रडलो. एकोणसाठ वर्षांचा बाप्या, पण रडलो.

सभेपर्यंतचे तीन दिवस तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. रविवारी येईल असंही वाटत नव्हतं. पण आला, इस्त्रीचा शर्ट घालून, वहिनीचा दंड धरून. पोस्टमन दिवे घालवणार तेवढ्यात दादा उभा राहिला.

"आधी मला बोलायचंय," तो म्हणाला. "शिंप्याबद्दल मी जे सांगत आलो, ते मी पाहिलेलं नाही. ऐकीव होतं, आणि ते खोटं निघालं. तेवीस वर्षांत न तपासलेला माल मी कधी पुढे पाठवला नाही. हा पाठवला. माझं नाव शिंप्याच्या बाजूने लावू नका. आणि मुसळ इथे असेल तर सगळ्यांसमोर मी त्याची माफी मागतो."

माझं नाव त्याने घेतलं नाही. मी मान खाली घालून बसलो होतो. मग मागच्या रांगेतून एक जाडा आवाज आला.

"अहो टर्नर, ते नसतील घालवले. पण बाकीचे बरेच घालवले होते मी!"

सगळे खो खो हसले. मुसळ सगळ्यात मोठ्याने हसला. दादाही हसला, थोडासा. पुढे मतदान झालं आणि डावऱ्याचं चित्र लागलं, ते असो.

दिवे गेले आणि पडद्यावर सामना सुरू झाला. दादा वहिनीला म्हणाला, "त्याला इकडे बसव." मी जाऊन शेजारी बसलो. त्याने हात पुढे केला नाही, दोन्ही मुठी मांडीवर घट्ट धरलेल्या.

"सांग," म्हणाला. "होतंय तेच."

मी सांगायला लागलो. चित्र खरखरीत होतं, पण शिंपी कळत होता. काटकुळा, मोजे घोट्यापर्यंत घसरलेले. आमचा बॅक बॉल घेऊन अडचणीत सापडला की हा दहा पावलांवर येऊन उभा. बॉल मागायचा, एका स्पर्शात मोकळ्या माणसाला द्यायचा आणि पुन्हा निघायचा पुढच्या अडलेल्याकडे. बाकीचे पुढे धावले की मागची रिकामी जागा हा धरून ठेवायचा. त्याच्याकडे कोणी बघतही नव्हतं. दादासाठी मी मोजायला लागलो. सात. अकरा. सोळा. हाफटाइमपर्यंत एकवीस पास झाले आणि एकवीसही पोचले.

"म्हणजे चांगला होता?" दादाने विचारलं.

"चांगला होता रे. मी सांगायचो तसा नव्हता. पण फार चांगला होता."

"मग हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

काउंटरवर उभ्या जन्मात कधी शब्द कमी पडले नव्हते, ते तिथे पडले.

"मला दिसलंच नव्हतं, दादा," मी म्हणालो. "सहा वर्षं मी मैदानाकडे बघतच नव्हतो. बोट तुझ्या हातावर आणि डोळे तुझ्या तोंडावर. तू हसतोस का, तेवढंच बघत होतो."

पडद्यावर दुसरा हाफ सुरू झाला. दादाने हात लांब केला, माझी हनुवटी चाचपली आणि माझं तोंड पडद्याकडे वळवलं.

"समोर बघ," म्हणाला. "बॉल कोणाकडे आहे?"