नावाखाली उमटलेलं गाव

माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या वेबसाइटवर अभिप्राय लिहिणाऱ्याच्या नावाखाली त्याचं गाव आपोआप उमटावं, अशी सोय मी केली. कोणी मागितली नव्हती. इंटरनेट जोडणीचा आयपी पत्ता दिला की गाव सांगणारी एक तयार कोड-लायब्ररी सापडली, चार ओळींचा कोड जमला आणि मी आमच्या घाटंजीत कॉलर ताठ करून फिरू लागलो.

क्लासला टायपिंग शिकायला एक बाई येतात. त्या दाराकडे तोंड करूनच बसतात. जिना वाजला की त्यांची बोटं थांबतात. नवऱ्यापासून लपून राहतात, हे त्यांनी एकदाच सांगितलं, तेही कीबोर्डकडे पाहत.

काल मी सगळ्यांना अभिप्राय लिहायला लावले. पूर्ण नाव टाकल्याशिवाय पुढे जाता येत नाही, ही करामतही माझीच. बाईंनी लिहिलं, आणि नावाखाली उमटलं : घाटंजी. एरवी सगळ्यांना नागपूरचं ठरवणारी ती लायब्ररी नेमकी तेव्हाच बरोबर निघाली.

बाई उठल्या आणि त्यांनी मेन स्विचच खाली ओढला. सगळे पडदे काळे झाले.

"आता त्याच्या फोनात नाही दिसन ना, सर?"

"दिसते," मी म्हणालो. "इथली लाइट गेल्यानं ते जात नाही."

मोबाइलवरून नावासकट ती ओळ पुसताना माझाच पासवर्ड मला आठवेना. बाई दाराची कडी धरून उभ्या होत्या.

"पुसलं. एवढ्यात कोणी पाहिलं नसेल."

"नसन," त्या म्हणाल्या. "पण तुमाले येते म्हणून तुमी काहीबी करान काय, सर?"