त्यातला वसंता कोणता?

वसईच्या स्टेशनाबाहेर टांगा मिळाला तेव्हा ऊन चढू लागले होते. "किल्ला बघायला?" टांगेवाल्याने विचारले. मी हो म्हटले.

माझा धाकटा भाऊ वसंता गेल्या पावसाळ्यात विषमज्वराने गेला. त्याआधी एका ऐतिहासिक बोलपटात त्याने या किल्ल्यात सैनिकाचे काम केले होते. निदान घरी तसे सांगितले होते. तो बोलपट आता आमच्या गावच्या जत्रेत तंबूत लागणार होता. आईचे एकच म्हणणे, "त्यातला आपला कोणता, तेवढं मला सांगून ठेव. नजर चुकायला नको." मी पुण्याला जाऊन तो पाहिला. सगळ्यांची शिरस्त्राणे नाकापर्यंत उतरलेली. तेव्हापासून घरात बसवत नव्हते.

केळीच्या बागा मागे पडल्या. किल्ल्यात पडक्या चर्चच्या कमानींखाली गुरे चरत होती. तटावरून नुसता फिरलो, कुठे थांबावेसे वाटेना. विचारायला माणूस नव्हते, म्हणून पाचूबंदरला (किल्ल्यालगतची कोळ्यांची वस्ती) निघालो. ओहोटी होती. घाईत आडवाट धरली आणि गुडघाभर चिखलात रुतलो. एक चप्पल तिथेच राहिली.

होडीतले पाणी उपसणारा एक म्हातारा हात थांबवून बघत होता. "मास्तर, वाट काय वाईट होती?"

त्याच्या हातातले भांडे पाहून मी चप्पल विसरलो. ते पत्र्याचे शिरस्त्राण होते.

"सिनेमावाले टाकून गेले," तो म्हणाला. "लढाईला नाय, पन पानी उपसायला बरं."

मी वसंताचे वर्णन केले. तो हसला आणि बोंबील वाळत घालणाऱ्या एका बाईला त्याने हाक मारली, "कतरीनबाय! तुज्या रानीच्या घरचं मानूस आलंय!"

"माझा भाऊ सैनिक होता," मी म्हणालो.

"कसला सैनिक!" कतरीनबाय म्हणाली. "रानी झालेली नटी पान्याला भ्यायची. तिच्याजागी बुरुजावरून उडी मारायला बारीक अंगाचा ह्योच मिळाला. त्याला पायघोळ लुगडं नेसवलेलं. मी बोलले, यात पडलास तर परत वर येनार नाय. मग मीच नेसवलं, आमच्यासारखं, कासोटा घट्ट. सिनेमाचा सायेब बोंबलला, रानीची कोळीन केलीस! पन ऊन उतरलेलं. करतो काय? तसंच घेतलं."

"आणि वसंता?"

"हसत वर आला. बोलला, घरी सैनिकच सांगनार." मग तिने विचारले, "बरा हाय ना?"

मी सांगितले. तिने कपाळापासून छातीवर क्रूस काढला, आत जाऊन सुकेळी (वाळवलेली पिकलेली केळी) आणली आणि माझ्या हातात ठेवली. "आयशीला दे."

परतीच्या वाटेवर वाटत होते, ज्या माणसाला मी जन्मभर ओळखत होतो त्याची एक उडी मला या बाईकडून कळावी! घरी आईला सगळे सांगितले.

तंबूत तिने सैनिकांकडे पाहिलेच नाही. राणी बुरुजावर आली. क्षणापूर्वीचे पायघोळ लुगडे आता गुडघ्याच्या वर घट्ट आवळलेले. कुणाच्या ते ध्यानातही आले नाही. पडद्यावर उडी पडली आणि आई उभी राहिली.

"ओ आजी, खाली बसा!" मागून ओरडा झाला.

पाण्यातून डोके वर येईपर्यंत ती बसली नाही.