बिडी न ओढलेले टेंभरे सर

टेंभरे सर वर्गाच्या दारात उभे राहून पोरांची बोटं हुंगायचे. तुमसरच्या आमच्या कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवत. बोटांना बिडीचा वास आला की तिथूनच घरी पाठवत. अकरावीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझा हात हुंगला आणि उंच धरून वर्गाला दाखवला. "हे पाहा! पोरगी असून ओढते!" मी घरी आईबरोबर बिड्या वळायची, वास नखांत बसायचा. तसं सांगितलं, तर सर हसले. "वळणारे का ओढणारे, सारे एकाच तिरडीवर जातेत."

शिकवायचे मात्र असं की विसरायचं म्हटलं तरी विसरता येऊ नये. टीपी५३ हे जनुक त्यांनी आम्हाला असं शिकवलं : "पेशीत एक कोतवाल असते. पेशीची नक्कल होताना चूक झाली का तो तिले थांबवते. सुधरली त ठीक, नाई त तिले मरायले लावते. कोतवालच बिघडला, का मंग कॅन्सर!" त्यांच्यासारखं शिकवणारं पुढे मला कोणी भेटलं नाही. मी जनुकांच्या कामात आले ती त्यांच्यामुळेच, हे कबूल करताना आजही जिवावर येतं.

त्याच वर्षी माझे बाबा फुफ्फुसाच्या कॅन्सरनं गेले. त्यांचे दिवस आटोपून मी वर्गात आले, तर सर त्याच धड्याची उजळणी घेत होते. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "इच्या बापानं आपला कोतवाल बिडीच्या धुरानं मारला. आता रडून काय फायदा?" पोरं हसली. मी रडतही नव्हते.

पुढे मी नागपूरला जनुक तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत लागले. मागच्या वर्षी निवृत्त सर खोकत खोकत माझ्या घरी आले. हातात रिपोर्ट होता : फुफ्फुसाचा कॅन्सर, टीपी५३मध्ये बिघाड.

"मी जिंदगीत बिडीले हात नाई लावला," ते म्हणाले. "पण लोक म्हणतेत, मास्तर लपून ओढे. माहा पोरगा बी तसाच पाहून राहिला. तू लिहून दे न बाई, का हे बिडीनं नाई झालं."

ते खरं बोलत होते. धुराशिवायही हे जनुक बिघडतं. कधी पेशी दुभंगताना नुसती चूक होते, कुणाचा काही दोष नसताना. हे सरांनी आम्हाला कधी शिकवलं नव्हतं, आणि आता मला बोलायचं नव्हतं.

"सर, रिपोर्टात कारण लिहीत नाईत," मी म्हणाले.

सरांनी रिपोर्टाची घडी घातली. "मले समजते, तू काहून असं करून राहिली," म्हणाले आणि उठले. माफी काही मागितली नाही.

चार महिन्यांत ते गेले. तेरवीला मी गेले होते. त्यांच्या मुलानं मला बाजूला घेतलं. "ताई, तुमी याच कामातल्या. खरं सांगा, बाबा लपून ओढत होते का?"

'नाही' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं.

"आता गेलेल्या माणसाचं काय बोलायचं, भाऊ?" मी म्हणाले.

त्यानं मान खाली घातली. मी पंगतीत जाऊन बसले आणि पोटभर जेवले.